टर्बो ३५० काढून ७००आर४ बसवला आणि आता गिअर नीट पडत नाहीत? बॉक्स खाली उतरवण्याआधी हे बघा

टर्बो ३५० आणि ७००आर४ हे दोन्ही जनरल मोटर्सचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, पहिला जुना, दुसरा त्याच्या जागी बसवतात तो. आधी लक्षणं. खालच्यापैकी तुमच्या गाडीत काय होतंय ते बघा, कारण सगळी एकदम कुणालाच होत नाहीत, पण दोन-तीन जोडीने येतातच.

- गाडी निघाली की पटापट सगळे गिअर पडतात, २५ मैलांच्या स्पीडलाच गाडी चौथ्यात, आणि गिअर इतका मऊ पडतो की कळतसुद्धा नाही. मालक खूश असतो. खूश व्हायचं काही कारण नाही.
- दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना इंजिन उगाच रेज होतं, आरपीएमचा काटा उडतो, मग एक सेकंदाने गाडी ओढायला लागते.
- किंवा बरोबर उलटं, इंजिन ओरडत राहतं, गिअर पडतच नाही आणि पडला की मागून लाथ बसल्यासारखा.
- पार्कमधून ड्राइव्हला टाकलं की दोन-तीन सेकंद काहीच नाही, मग धप्प.
- सिग्नलला थांबताना इंजिन आचके देऊन बंद पडतं, जसं क्लचच्या गाडीत क्लच न दाबता ब्रेक मारला की होतं.
- हायवेला ५५-६० च्या पुढे सीटखाली थरथर.
- लांब जाऊन आल्यावर जळका वास, आणि गॅरेजच्या फरशीवर लाल थेंब.

मी राहतो मिशिगनला, डेट्रॉइटच्या बाहेर. नोकरी वेगळी, हे शनिवार-रविवारचं वेड आहे. आमच्याकडे ऑगस्टमध्ये वुडवर्ड अव्हेन्यूवर ड्रीम क्रूझ असते, म्हणजे जुन्या गाड्यांची मोठी मिरवणूक, त्यामुळे जुलै आला की आजूबाजूच्या दोन-चार जणांच्या गाड्या माझ्या दारात येतात आणि प्रत्येकाचं वाक्य तेच असतं, "बॉक्स खराब निघाला." आत्तापर्यंत अशा सात गाड्या बघितल्या, शेव्हेल, कमॅरो, एक नोव्हा, आणि खरंच आतून मेलेला बॉक्स त्यात फक्त दोनांचा होता. त्या दोनांचाही मेला नव्हता हो, मारला होता. कसा ते पुढे येईलच.

ज्यांना हा प्रकार नवीन आहे त्यांच्यासाठी पटकन. जुन्या मसल कारमध्ये टर्बो ३५० असतो, तीन गिअर, तिसरा सरळ १.००. मागे ३.७३ चा डिफरन्शियल आणि २६ इंची टायर असेल तर ६५ मैलांना इंजिन साधारण ३१३० आरपीएमला फिरतं, तासभर तसं चालवलं की कान बधिर. ७००आर४ ला चौथा गिअर ०.७० चा, म्हणजे तोच स्पीड २१९० ला. शिवाय पहिला गिअर २.५२ ऐवजी ३.०६, म्हणजे सिग्नलवरून गाडी उचलते पण मस्त. म्हणून सगळे हा बॉक्स बसवतात. "आधुनिक" म्हणायचं म्हणून म्हणायचं, जनरल मोटर्सने तो १९८२ च्या मॉडेलपासून आणलाय, १९९० ला त्याचंच नाव ४एल६० केलं आणि १९९३ पासून इलेक्ट्रॉनिक भाऊ ४एल६०ई आला. पण १९७० च्या गाडीला तोही नवाच.

आता तपासणी. फुकटातून सुरुवात, मग पैसे, मग कष्ट.

१. ऑइल, आणि त्याहून जास्त डिपस्टिक

गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवून आणा (फक्त, इंजिन रेज होऊन गिअर घसरतोय असं लक्षण असेल तर चालवू नका, जागेवरच गरम करा). सपाट जागा, हँडब्रेक, ब्रेकवर पाय ठेवून सगळ्या गिअरमधून लिव्हर एकदा सावकाश फिरवा, परत पार्कला आणा, इंजिन चालू ठेवूनच डिपस्टिक बघा. इंजिन बंद करून बघितलं तर लेव्हल वर दिसते, कारण टॉर्क कन्व्हर्टरमधलं (इंजिन आणि बॉक्सच्या मधला ऑइलने भरलेला डबा) ऑइल पॅनमध्ये, म्हणजे बॉक्सच्या तळाच्या ट्रेमध्ये उतरतं. आमच्याकडे नोव्हेंबर ते एप्रिल गाड्या झाकून ठेवलेल्या असतात, आणि एप्रिलमध्ये हमखास कुणीतरी थंड गाडीची डिपस्टिक बघून "जास्त झालंय" म्हणून एक क्वार्ट (लिटरपेक्षा जरा कमी) काढून टाकतो. मग ड्राइव्हला टाकलं की दोन सेकंद काहीच नाही.

कमी असेल तर पंप हवा ओढतो, जास्त असेल तर आतले फिरते पार्ट ऑइल घुसळून फेस करतात, आणि फेसाने प्रेशर बनत नाही. म्हणजे दोन्हीचं लक्षण एकच, घसरणं. म्हणून ही पहिली तपासणी.

पण खरी गोम अशी की स्वॅपमध्ये, म्हणजे बॉक्स बदलताना, डिपस्टिक आणि तिची नळी बहुतेक वेळा त्या बॉक्सची नसतेच. जंकयार्डचा बॉक्स, कुठल्यातरी पिकअपची नळी, आणि वरून क्रोमची शोभेची डिपस्टिक. तिच्यावरची खूण म्हणजे बाहेरच्या माणसाने सांगितलेला पत्ता. पॅन खाली काढून फिल्टर बदलताना जेवढं ऑइल निघालं तेवढंच मोजून परत घालायचं (साधारण ५ क्वार्ट असतं, पूर्ण कोरड्या बॉक्सला कन्व्हर्टर धरून ११ च्या आसपास), गरम करून आपली खूण आपण करायची. ऑइल डेक्सरॉन घाला, सहा नंबरचं आता सगळीकडे मिळतं.

रंग बघा. लाल आणि स्वच्छ, ठीक. तपकिरी आणि करपलेल्या तेलाचा वास, म्हणजे आत क्लच जळलाय, सरळ शेवटच्या भागावर जा. आणि स्ट्रॉबेरी मस्तानीसारखं गुलाबी, दाट, दुधाळ दिसलं तर रेडिएटरच्या आतला कूलर फुटून पाणी आत गेलंय. इंजिन बंद, गाडी टोवर. त्या पाण्याने क्लचच्या चकत्यांवरचं अस्तर सुटतं, "घरापर्यंत नेतो" वगैरे करू नका.

२. टीव्ही केबल (इथे सगळ्यात जास्त वेळ द्या)

टीव्ही म्हणजे थ्रॉटल व्हॉल्व्ह. आमच्या सासूबाई इथे आल्या होत्या तेव्हा मी दोन दिवस गॅरेजमध्ये "टीव्ही केबल नीट करतोय" म्हटल्यावर त्या बिचाऱ्या हॉलमधला टीव्ही लावून बघत होत्या, मालिका दिसते का म्हणून. असो.

सातपैकी पाच गाड्यांचं दुखणं इथेच होतं आणि त्याचं कारण एक गैरसमज आहे. टर्बो ३५० लाही कार्बपासून (कार्बोरेटर) बॉक्सपर्यंत एक केबल जाते, पण ती फक्त किकडाउनची. ती तुटली तरी गाडी चालते, फक्त पाय पूर्ण दाबल्यावर खालचा गिअर पडत नाही. इंजिनवर लोड किती आहे हे टर्बो ३५० ला व्हॅक्यूम मॉड्युलेटर सांगतो. आता ७००आर४ मध्ये तो मॉड्युलेटरच नाही. तुम्ही पाय किती दाबलाय हे त्या बॉक्सला कळायचा एकच मार्ग, ही केबल. गिअर कधी टाकायचा तेही ती ठरवते, आणि महत्त्वाचं म्हणजे आतलं ऑइल प्रेशर किती ठेवायचं तेही. क्लचच्या चकत्या एकमेकींवर दाबून धरणारं प्रेशर तेच. केबल सैल असली की बॉक्सला वाटतं मालक निवांत बाजाराला चाललाय, म्हणून तो प्रेशर कमी ठेवतो, आणि तुम्ही इकडे ३०० हॉर्सपॉवर त्याच्या अंगावर सोडलेली असते. चकत्या घसरतात, तापतात, जळतात. पहिला बळी तिसऱ्या-चौथ्या गिअरचा क्लच. पहिला दुसरा ठणठणीत, तिसरा चौथा गायब, असं ज्याचं झालंय त्याने समजून जावं.

आणि हे व्हायला महिने लागत नाहीत. माझ्याकडच्या त्या दोन मेलेल्या बॉक्सपैकी एक रीबिल्ड करून आणलेला होता, मालकाने केबल "नंतर लावू" म्हणून तशीच बांधून ठेवली आणि गाडी फक्त टायर अलाइनमेंटला नेऊन आणली. गेला. दोन हजार डॉलरच्या पुढचं काम एका दुपारी पाण्यात. म्हणून ठळक सांगतो, केबल जोडलेली नसेल किंवा मऊ गिअर पडून इंजिन रेज होत असेल तर टेस्ट ड्राइव्ह नको, कोपऱ्यावरच्या पंपापर्यंतसुद्धा नको.

तपासायचं कसं. इंजिन बंद. एअर क्लीनर काढा. घरातल्या कुणाला तरी आत बसवा आणि ॲक्सिलरेटर फ्लोअरपर्यंत दाबून धरायला सांगा. हाताने लिव्हर फिरवून बघू नका, पायानेच दाबायचं, कारण जुन्या गाड्यांत पेडल फ्लोअरला टेकतं पण कार्ब पूर्ण उघडलेलाच नसतो, फ्लोअरवरचं जाड कार्पेट आडवं येतं (नोव्हात हेच होतं, मॅट काढला आणि पिकअप वाढला). कार्बमध्ये वरून टॉर्च मारा, पाती सरळ उभी व्हायला हवीत. त्याच वेळी टीव्ही केबल बोटांनी अजून ओढून बघा. अजून येतेय? मग तुमच्या फुल थ्रॉटलला बॉक्स पूर्ण प्रेशर देतच नाहीये. आता पाय सोडायला सांगा. केबल लोंबकळते का? लोंबकळायला नको, ताणूनही नको, लिव्हर जरा हलला की लगेच केबल हलली पाहिजे.

ॲडजस्ट करायची रीत सोपी आहे. केबलच्या कार्बकडच्या टोकाला एक छोटं बटण असतं, ते दाबून धरा, आतला सरकता भाग लिव्हरपासून लांब, म्हणजे मागे फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधली भिंत) दिशेने टेकेपर्यंत ढकला, बटण सोडा. मग पेडल एकदाच पूर्ण दाबायला सांगा. टिक-टिक-टिक आवाज येत तो भाग आपोआप बाहेर येतो आणि जागेवर बसतो. झालं. त्यानंतर कुणी कितीही सल्ला दिला तरी "गिअर जरा लवकर पडावा" म्हणून केबल एक-दोन टिक सैल करायची नाही. गिअर कधी पडावा ते बदलायचं असेल तर गव्हर्नरमध्ये (बॉक्सला गाडीचा स्पीड सांगणारा भाग) बदल करतात. केबल सैल केली की गिअर लवकर पडतो खरा, पण प्रेशर घालवून.

एवढं करूनही दोन्ही टोकं जुळत नसतील, म्हणजे फुल थ्रॉटल बरोबर केलं की आयडलला लोंबकळते आणि आयडल बरोबर केलं की पेडल पूर्ण दाबलंच जात नाही, तर दोष केबलचा नाही, कार्बच्या लिव्हरचा आहे. कंपनीच्या क्वाड्राजेट कार्बवर केबल अडकवायची खुंटी बरोबर अंतरावर आणि बरोबर कोनात असते. होली किंवा एडलब्रॉक लावला की ते गणित बिघडतं. लिव्हरच्या मध्यापासून खुंटी लांब असेल तर केबल जास्त ओढली जाते, जवळ असेल तर कमी, आणि कोन चुकला तर अर्ध्या पायापर्यंत काहीच नाही आणि मग एकदम. त्या-त्या कार्बसाठी खुंटीचा ॲडॅप्टर आणि केबलचं ब्रॅकेट जोडीने मिळतं. जोडीनेच घ्या, नुसता ॲडॅप्टर लावून जुनं ब्रॅकेट ठेवलं की परत तेच.

शेजारच्या काकांची १९७० ची शेव्हेल आठवते. माणूस आयुष्यभर टूल अँड डायमध्ये काम केलेला, त्यांनी ब्रॅकेट स्वतः बनवलं होतं, ॲल्युमिनियमचं, कडा गोल केलेल्या, पॉलिश असं की त्यात तोंड दिसावं. इतकं देखणं ब्रॅकेट मी दुकानात बघितलेलं नाही. अर्धा इंच चुकीचं होतं. त्यांना सांगायला मला दोन बिअर लागल्या. त्यांनी ते फेकलं नाही, अजून कामाच्या टेबलावर पेपरवेट म्हणून आहे.

जाता जाता, केबल कार्बवरून सोडून हाताने ओढून बघा. स्प्रिंगसारखी एकसारखी यावी आणि सोडली की सटकन परत जावी. मध्ये अडकत असेल तर बहुतेक हेडरला (इंजिनचे तापणारे एक्झॉस्ट पाइप) टेकून बाहेरचं प्लास्टिक वितळलंय. नवीन केबल टाका आणि हेडरपासून लांब नेऊन बांधा.

३. लिव्हरचं लिंकेज

आमच्या मामांकडे सांगलीला ॲम्बॅसडर होती, स्टिअरिंगला गिअर असलेली. लिंकेज अडकलं की मामा भर चौकात बॉनेट उघडून सळई सरळ करायचे आणि मागे सगळे हॉर्न. गिअर लिव्हर आणि गिअरबॉक्स या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मी तिथे शिकलो.

टर्बो ३५० च्या लिव्हरला सहा जागा, ७००आर४ ला सात. जुनाच शिफ्टर ठेवला असेल आणि आतली खाचांची पट्टी बदलली नसेल तर लिव्हर दाखवतो एक आणि बॉक्सचा व्हॉल्व्ह दोन खाचांच्या मध्ये लटकतो. अर्धवट उघडलेल्या नळासारखं, प्रेशर गळतं आणि क्लच घसरतो.

चाकांना लाकडी ठोकळे लावा, गाडी जॅकस्टँडवर (नुसत्या जॅकवर गाडीखाली जायचं नाही, कितीही घाई असो), इंजिन बंद. बॉक्सच्या बाजूच्या लिव्हरपासून सळई सोडा, हाताने लिव्हर फिरवून सात खटके मोजा. आता सळई परत लावताना प्रत्येक जागी ती ओढाताण न करता आपणहून बसली पाहिजे. शेवटी गाडी फक्त पार्क आणि न्यूट्रललाच स्टार्ट होते ना ते बघा. गिअरमध्ये स्टार्ट होणारी गाडी एखाद्या दिवशी गॅरेजच्या भिंतीतून बाहेर जाते.

४. लॉकअपची वायर

टर्बो ३५० ला वायर नव्हती म्हणून बरेच जण ७००आर४ ची पण तशीच सोडून देतात. याच्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये एक क्लच असतो, हायवेला तो लागला की इंजिन आणि बॉक्स सरळ जोडले जातात. तो लागलाच नाही तर कन्व्हर्टर सतत थोडा घसरत राहतो आणि ती सगळी उष्णता ऑइलमध्ये. हायवेला जळका वास येण्याचं हे नेहमीचं कारण.

बघायची युक्ती फुकट आहे. रिकामा सरळ रस्ता, चौथा गिअर, ५० मैल, पाय स्थिर. डाव्या पायाने ब्रेक पेडल नुसतं दिवा लागेल इतकं हलवा. आरपीएम दोनेकशे वर जाऊन पाय काढल्यावर परत खाली आले तर लॉकअप चालू आहे. काहीच हललं नाही तर फ्यूज, ब्रेक स्विच, व्हॅक्यूम स्विच या क्रमाने टेस्ट लॅम्प लावत जा. बॉक्सच्या आतलं वायरिंग वर्षागणिक वेगळं आहे, त्यामुळे दुसऱ्याच्या गाडीचा फोटो बघून वायर जोडू नका, आपल्या बॉक्सच्या वर्षाची आकृती काढा.

आणि ते सिग्नलला इंजिन बंद पडणं? ते लॉकअप न सुटल्यामुळे. कनेक्टर काढून चालवून बघा. बंद पडायचं थांबलं तर वायरिंग चुकलंय, ब्रेक स्विचमधून लाइन नेलेली नाही. काढूनही बंद पडत असेल तर आतला व्हॉल्व्ह अडकलाय, ते घरचं काम नाही.

५. कूलर

फार बोलत नाही. जुन्या रेडिएटरमधला कूलर पन्नास वर्षांचा आहे, त्यातून धड प्रवाह जातो का ते बघा, पुढे वेगळा बाहेरचा कूलर लावा, आणि ऑइल टेंपरेचरचा मीटर लावा. २०० फॅरनहाइटच्या आसपास राहिलं तर निवांत. २५० च्या पुढे जात असेल तर गाडी बाजूला घ्या आणि आधी ४ नंबर परत वाचा.

६. थरथर

हिचा गिअर पडण्याशी संबंध नाही, पण स्वॅपनंतर दर दुसरा माणूस हिच्यासाठी पण बॉक्सलाच शिव्या देतो, म्हणून इथे घेतलंय.

आधी एक प्रयोग. ज्या स्पीडला थरथरते तिथे पोचा, पुढेमागे कुणी नाही बघून न्यूट्रल करा आणि तरंगू द्या. थरथर तशीच राहिली तर ती इंजिनची किंवा कन्व्हर्टरची नाही, बॉक्सच्या मागची आहे, ड्राइव्हशाफ्ट किंवा टायर. न्यूट्रलला गेल्यावर गायब झाली तर इंजिनच्या बाजूची, फ्लेक्सप्लेट (इंजिन आणि कन्व्हर्टर जोडणारी चकती) बघा. (१९८६ च्या आधीचं आणि नंतरचं ३५० इंजिन यांची फ्लेक्सप्लेट एक नाही, आणि स्मॉल ब्लॉक ४०० चा बॅलन्स बाहेरून केलेला असतो. दिसायला सगळ्या सारख्या.)

"आधी नव्हतं, ओव्हरड्राइव्ह आल्यावर सुरू झालं" असं सगळे म्हणतात. ड्राइव्हशाफ्ट बॉक्सच्या मागे आहे, त्याला ओव्हरड्राइव्हशी देणंघेणं नाही, ६५ मैलांना तो आधीही ३१३० ला फिरत होता आणि आताही ३१३० लाच फिरतो. बदललं काय, तर इंजिन शांत झालं म्हणून ऐकू यायला लागलं, तुम्ही आता ७५ ने चालवता, आणि मुख्य म्हणजे बॉक्स बसवताना कोन बदलला.

७००आर४ हा छोट्या शेपटीच्या टर्बो ३५० पेक्षा साधारण तीन इंच लांब आहे आणि त्याचा माउंट दोनेक इंच मागे येतो. म्हणजे क्रॉसमेंबर (बॉक्सला खालून धरणारा आडवा पट्टा) मागे सरकतो आणि ड्राइव्हशाफ्ट कापून छोटा करावा लागतो. योक (ड्राइव्हशाफ्टचं बॉक्समध्ये शिरणारं टोक) मात्र तोच चालतो, दोघांनाही २७ दात्यांचा. (ज्यांना शाफ्टला हात लावायचा नाही ते २००-४आर घेतात, त्याची लांबी टर्बो ३५० इतकीच, ब्युइक ग्रँड नॅशनलमध्ये होता तोच. टीव्ही केबल त्यालाही आहे, सुटका नाही.) योक आत पूर्ण टेकल्यावर जितका जातो त्यापेक्षा पाऊण ते एक इंच बाहेर राहिला पाहिजे. न कापता कोंबला असेल तर खड्ड्यात ठक्क आवाज येतो आणि बॉक्सच्या मागच्या बुशिंगची वाट लागते.

कोन मोजायला फोनमधलं लेव्हलचं ॲप पुरतं. गाडी चाकांवरच उभी पाहिजे, रॅम्प चालेल, मागचा ॲक्सल लोंबकळत ठेवून मोजलेलं माप कामाचं नाही. बॉक्सच्या शेपटीचा कोन, शाफ्टचा कोन, डिफरन्शियलच्या पिनियनचा कोन, तिन्ही कागदावर लिहा. बॉक्सची शेपटी ३ डिग्री खाली असेल तर पिनियनचं नाक ३ डिग्री वर हवं, म्हणजे दोन्ही रेषा समांतर. आणि प्रत्येक युनिव्हर्सल जॉइंटवर शाफ्टशी होणारा कोन अर्धा ते तीन डिग्रीत हवा. शून्यही नको, कारण जॉइंटमधले रोलर जागेवरून हलत नाहीत आणि तिथेच खड्डा पाडतात.

एका १९६८ च्या कमॅरोत मालकाने तीनदा टायर बॅलन्स केले होते, मग शाफ्ट बॅलन्स केला, मग नवा शाफ्ट. मी मोजलं तर शेपटी ५ डिग्री खाली आणि पिनियन १ वर. नवीन क्रॉसमेंबर खाली बसत होता. माउंटखाली वॉशर घालून शेपटी वर घेतली आणि मागे लीफ स्प्रिंगखाली पाचर घातली, काही डॉलरचं काम. लीफ स्प्रिंगवर ॲक्सिलरेटर दाबला की पिनियन वर उचलतो म्हणून तिथे एक-दोन डिग्री खालीच ठेवायचा. शेव्हेलला मागे कॉइल स्प्रिंग आणि चार आर्म असतात, तिथे पाचर चालत नाही, ॲडजस्ट होणारे वरचे आर्म घ्यावे लागतात.

कोन बरोबर, टायर बरोबर, तरी थरथर असेल तर शाफ्टवाल्याकडे. शाफ्ट कापणं-वेल्डिंग-बॅलन्स घरी करायचा विचारही नको, ३००० आरपीएमला फिरणारा पाइप पायाखाली सुटला तर फ्लोअर फाडून आत येतो.

७. प्रेशर गेज, मग पॅन

वरचं सगळं करूनही गिअर घसरत असेल तरच. बॉक्सच्या ड्रायव्हर बाजूला, लिव्हरच्या वर एक छोटा प्लग असतो, तिथे ३०० पीएसआयचा गेज लावा. लांब नळी घ्या, हेडरपासून लांब ठेवा. पार्कला आयडलवर आकडा लिहा, मग कार्बला हात न लावता नुसती टीव्ही केबल हळूहळू ओढा. प्रेशर केबलच्या मागोमाग चढत गेलं पाहिजे. केबल ओढूनही काटा ढिम्म असेल तर आत लिंक निसटलीय किंवा व्हॉल्व्ह अडकलाय. आयडललाच खूप कमी असेल तर पंप किंवा गळती. गाडी स्टँडवर ठेवून गिअरमध्ये टाकून चाकं फिरवत ही टेस्ट करू नका, पार्कमध्येच भागतं.

पॅन उतरवला की चुंबक बघा. त्यावर बारीक राखाडी चिखल असतोच, घाबरू नका. बोटात चुरा लागला, चकाकणारे तुकडे दिसले किंवा तळाशी काळा भुसा साचला असेल तर थांबा.

४एल६०ई वाल्यांसाठी दोन ओळी. तुम्हाला केबल नाही, पण केबलच्या जागी कार्बवर लावलेला थ्रॉटल सेन्सर आहे आणि दुखणं तेच. लॅपटॉपवर बघा, पाय पूर्ण दाबल्यावर १०० टक्के दाखवतो का. ७० दाखवत असेल तर ती सैल केबलच समजा. आणि गाडी एकदम तिसऱ्यातच निघते, धक्के मारते, असं झालं तर बॉक्सला करंटच पोचत नाहीये. फ्यूज आणि अर्थिंग बघा.

कधी थांबायचं

जळकं ऑइल, पॅनमध्ये भुसा, तिसरा-चौथा गिअर गायब, केबल बरोबर असूनही प्रेशर चढत नाही: यातलं काहीही असेल तर ट्रान्समिशनवाल्याकडे. ऑइल बदलून, बाटलीतलं औषध घालून जळलेला क्लच परत येत नाही.

बेलहाउसिंगमधून (बॉक्सचा इंजिनला जोडणारा पुढचा भाग) कुरकुर किंवा घासल्याचा आवाज येत असेल तर इंजिन परत स्टार्ट करू नका. बॉक्स बसवताना कन्व्हर्टर पूर्ण आत बसला नसेल तर असं होतं. बसवताना तो फिरवत आत ढकलला की तीन वेळा ठक् करून आत जातो, दोनदाच झालं असेल तर तो पंपावर अडकलाय, आणि बेलहाउसिंग हाताने इंजिनला टेकत नाही म्हणून बोल्टने आवळत ओढलं की पंप फुटतो. माझ्याकडचा दुसरा मेलेला बॉक्स तो. बोल्ट लावण्याआधी कन्व्हर्टर आणि फ्लेक्सप्लेटमध्ये एक अष्टमांश ते तीन षोडशांश इंच फट दिसली पाहिजे.

दुकानात बॉक्स देताना कन्व्हर्टरही द्या, जुना परत लावू नका, त्यात जळलेला भुसा असतो. कूलर आणि त्याच्या लाइन फ्लश करा किंवा कूलर नवा टाका. आणि कार्ब, ब्रॅकेट, केबल यांचे फोटो काढून त्याला दाखवा, पाय दाबलेला आणि सोडलेला असे दोन्ही. शेजारच्या काकांनी ब्रॅकेट बदललं त्याला आता तिसरा उन्हाळा, शेव्हेल वुडवर्डवर दरवर्षी जाते. पॅन आम्ही मागच्या मे महिन्यात उतरवला, चुंबकावर नखाएवढा चिखल होता, बाकी काही नाही.